पाकिटातलं मत

चिमणाबाई पोवार गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी पिळायची. गिऱ्हाईकासमोर म्हैस उभी करायची, धार काढायची आणि फेसाळता पेला तसाच हातात द्यायचा, हा कट्ट्याचा रिवाज. तिथं बसणारे सगळे गडी. नवरा गेला तेव्हा लोकांना वाटलं, बाई आता म्हशी विकणार आणि माहेरी बिद्रीला निघून जाणार. ती गेली नाही. पदर खोचून दोन्ही म्हशी हाकत कट्ट्यावर आली आणि गड्यांच्या ओळीत जागा धरून बसली. सुरुवातीला शेजारचे गवळी तिच्याकडं बघून उगाच खाकरायचे. पुढं पुढं तालमीतली पोरं मेहनत झाली की तिच्याच चंद्री म्हशीपुढं येऊन उभी राहायला लागली. दूध दाट होतं, आणि मावशीच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

अशा बाईला एका गोष्टीत मात्र गप्प बसावं लागलं होतं. नव्वद सालच्या महापालिकेच्या निवडणुकीत ती दुपारी धुतलेलं लुगडं नेसून शाळेतल्या केंद्रावर गेली. कारकुनानं यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "तुमचं मत झालंय की, मावशी."

"झालंय म्हंजे? मी तर आत्ता येतोय."

"झालंय. रेघ मारलीय बघा."

बाहेर मांडवात सयाजीराव बसले होते. रस्त्याची, गटारीची कामं घेणारे कंत्राटदार, तालमीचे आधारस्तंभ, पेठेचे दादा. चिमणाबाईनं त्यांना विचारलं, तर ते मांडीवर थाप मारून हसले. "मावशी, तुमचं मत बरोबर पेटीत पडलंय. कशाला उन्हाचा हेलपाटा घेतलासा?" मांडवातले सगळे हसले. तीही कसंनुसं हसली आणि घरी आली. त्या दिवशी तिला भाकरी गोड लागली नाही.

पेठेत हे नवीन नव्हतं. मतदानादिवशी कुठून कुठून बायका यायच्या आणि पेठेतल्या बायकांच्या नावानं शिक्के मारून जायच्या. गड्याचं नाव घेतलं तर गडी हुज्जत घालतो, म्हणून बायकांची नावं सोयीची पडायची. बायका चुलीपुढं असायच्या. कळलं तरी नवरे म्हणायचे, जाऊ दे, एक मत गेलं म्हणून काय राज्य बुडतंय?

मग पंचाण्णव साल उजाडलं. नव्या कायद्यानं महापालिकेतल्या तिसऱ्या हिश्श्याच्या जागा बायकांना ठेवल्या आणि पेठेचा वॉर्ड नेमका बायकांच्या वाट्याला आला. सयाजीरावांना काही अडचण वाटली नाही. त्यांनी आपल्या सुनेला, राजनंदिनीला उभं केलं. तालमीत बैठक झाली, नारळ फुटला. भिंतीवर पोस्टर लागलं. त्यात सासऱ्याचा फोटो टोपलीएवढा आणि सुनेचा वाटीएवढा. राजनंदिनी घराबाहेर पडलीच नाही. मतं मागत सयाजीरावच फिरले.

त्यांच्याविरुद्ध एकच बाई टिकली, शांतादेवी. तिचे यजमान चनबसाप्पा यांचं पेठेच्या कोपऱ्यावर तेलाचं दुकान होतं. घरात कानडी बोलायचे, गिऱ्हाईकाशी मराठी. शांतादेवीला कुणी मनावर घेतलं नाही. कपबशीचं चिन्ह घेऊन ती एकटीच दारोदार हिंडत होती. एका संध्याकाळी ती चिमणाबाईच्या गोठ्याशी येऊन उभी राहिली.

"मत मागाय आलाईसा व्हय?" चिमणाबाईनं वैरण टाकता टाकता विचारलं.

"मागते नंतर. आधी एक सांगा आक्का, गेल्या वेळी तुम्हाला मत द्यायला मिळालं काय?"

चिमणाबाईचा हात थांबला. पाच वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"न्हाय," ती म्हणाली.

"मलाही नाही. माझं पण कुणीतरी देऊन गेलं होतं," शांतादेवी म्हणाली. "ह्या वेळी सकाळी लवकर जावा. आणि मत झालंय म्हणाले तर घरी येऊ नका. मला द्या नाहीतर त्या सुनेला द्या. पण दिल्याशिवाय येऊ नका."

एवढं बोलून ती गेली. कपबशीचं नावसुद्धा तिनं काढलं नाही.

मतदानादिवशी चिमणाबाईनं कट्ट्यावरची सकाळची गिऱ्हाईकं भराभर उरकली, म्हशी गोठ्यात बांधल्या आणि तडक शाळा गाठली. केंद्र उघडून अर्धा तासही झाला नव्हता. तरी कारकुनानं यादी बघितली आणि मान हलवली. "तुमचं झालंय."

चिमणाबाईनं डावा हात टेबलावर आपटला. "शाई बघा कुठं हाय. ह्या बोटाला, न्हाय तर ह्या बोटाला. कुणी दिलं ओ माझं मत?"

तेव्हा तिची नजर भिंतीकडच्या बाकावर गेली. उमेदवारांची माणसं तिथं बसायची. खोटा मतदार आला तर हरकत घ्यायची, हेच त्यांचं काम. त्या बाकावर राजनंदिनीच्या नावाचा बिल्ला छातीला लावून चिमणाबाईचा स्वतःचा मुलगा कृष्णात बसला होता. मान खाली, कान लाल.

चिमणाबाईला सगळं समजलं. तिच्या नावानं कुणीतरी बाई आली होती, "चिमणाबाई पोवार" असं तिचं नाव मोठ्यानं पुकारलं गेलं होतं, आणि पोटचं पोर तिथं बसून खाली बघत राहिलं होतं. कृष्णातला फौंड्रीच्या कारखान्यात चिकटवला होता सयाजीरावांनीच. तोंड उघडायची त्याची टाप नव्हती.

तिनं बाकाकडं पाठ केली. खोलीच्या मधोमध जमिनीवर मांडी घालून बसली. "मत दिल्याशिवाय मी उठणार न्हाय. पोलीस बोलवा, न्हाय तर पंतप्रधान बोलवा."

केंद्राध्यक्ष राधानगरीकडचे एक तरुण मास्तर होते. पहिलीच निवडणूक, घाम फुटलेला. बाहेरून सयाजीरावांच्या माणसानं डोकावून दम दिला, "मास्तर, म्हातारीला बाहेर काढा." मास्तरांनी चष्मा पुसला, पिशवीतलं नियमांचं पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्याच पानं उलटली. मग म्हणाले, "काढता येणार नाही. बाईंचा हक्क आहे. कुणी आधीच मत देऊन गेलं असेल, तर खऱ्या मतदाराला वेगळी मतपत्रिका द्यायची. प्रदत्त मत म्हणतात त्याला. फक्त, ह्याच चिमणाबाई पोवार हे कुणीतरी सांगायला पाहिजे. कोण ओळखतं यांना?"

सगळी पेठ तिला ओळखत होती. खोलीत कुणी बोलेना. चिमणाबाई जमिनीकडं बघत राहिली. पोराकडं बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

"माझी आई हाय ती," कृष्णात म्हणाला.

मास्तरांनी मागं तिचं नाव लिहून कागद दिला. आडोशाला जाऊन चिमणाबाईनं शिक्का मारला, घडी घातली आणि पेटीकडं निघाली, तर मास्तरांनी थांबवलं. "हे पेटीत जात नाही, मावशी. पाकिटात जातं."

"मग मोजत्यात का न्हाय?"

"एरवी नाही. कोर्टानं सांगितलं तरच."

"म्हंजे नुसतं दिल्यासारखं करायचं?"

मास्तरांनी पाकीट तिच्यापुढं धरलं. "नाही. मत दिलेलंच राहतं. फक्त उघडायचं राहतं."

बाहेर पडताना तिला दारात शेजारची बयाबाई भेटली. बयाबाईही "तुमचं झालंय" ऐकून परत निघाली होती. चिमणाबाईनं तिच्या दंडाला धरून तिला परत आत लोटलं. तिच्यामागं कॉलेजात शिकणारी शिवांजली होती. आयुष्यातलं पहिलंच मत आणि तेही कुणी चोरून नेलेलं. पोरगी रडकुंडीला आली होती. "रडतीस काय? जा आत, पाकीट माग," चिमणाबाई म्हणाली. अशी तीन मतं त्या पाकिटात गेली.

हे ऐकून सयाजीराव मांडवात हसले. "पाकिटात ऱ्हाऊ देत. वाळवी खाईल."

मोजणी झाली आणि हसणं जरा कमी झालं. राजनंदिनी निवडून आली, पण फक्त चार मतांनी. गुलाल उधळला, सयाजीरावांना खांद्यावर घेऊन पोरं नाचली. शांतादेवीच्या दुकानासमोर मात्र चार बायका डोळे पुसत उभ्या होत्या. तेवढ्यात शांतादेवीचा भाचा शशिधर आला. नुकताच वकिलीला लागलेला, कागदापेक्षा जास्त बोलणारा पोरगा.

"अत्ती, रडता कशाला?" तो म्हणाला. "तीन मतं पाकिटात आहेत. ती खरी ठरली तर तिथल्या तीन खोट्या मतांना काट मारावी लागते. त्यांची तीन कमी, आपली तीन जास्त. चारचा फरक कुठल्या कुठं जातो."

"ती मतं मलाच दिलीत कशावरून?" शांतादेवीनं विचारलं.

शशिधरनं चपला पायांत सरकवल्या. दोघं चिमणाबाईच्या गोठ्यावर गेले. चिमणाबाईनं सगळं ऐकून घेतलं. कोर्टात येऊन साक्ष द्यायला ती एका पायावर तयार झाली. मत कुणाला दिलं हे मात्र सांगेना.

"आक्का, एवढं तरी सांगा. नाहीतर आम्ही उगाच कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या."

"झिजवा की. न्हाय तर नका झिजवू. मत कुणाला दिलं ते सांगायचं नसतंय. तेवढ्यासाठीच आडोसा लावलेला असतोय न्हवं?"

शांतादेवी हसली. "बरोबर आहे. तरी दावा लावतो आम्ही."

दावा लागला. तारखांवर तारखा पडत गेल्या. राजनंदिनी महापालिकेत जाऊन बसायची आणि सासरे सांगतील तिथं हात वर करायची. इकडं पेठेत चिमणाबाईभोवती हवा बदलली. तालमीतली पोरं तिच्या चंद्रीला वळसा घालून पलीकडच्या गवळ्याकडं जायला लागली. सयाजीराव स्वतः एकदा कट्ट्यावर आले.

"मावशी, आपण एका पेठेतली माणसं. वकिलाच्या नादाला लागू नकासा. तुम्ही कोर्टात उभं ऱ्हायला तर पहिल्यांदा तुमच्याच पोराला विचारतील, तू तिथं काय करत होतास म्हणून. पोराच्या गळ्यात दोर अडकवताय तुम्ही."

"दोर मी न्हाय वळला," चिमणाबाई म्हणाली. "दूध घेणार काय? न्हाय तर जरा सरका, मागं गिऱ्हाईक खोळंबलंय."

मागं एकही गिऱ्हाईक नव्हतं. सयाजीरावांनी वळून बघितलं आणि ते निघून गेले.

बोलली खरी, पण हा घाव तिला वर्मी लागला होता. कृष्णात त्या दिवसापासून घरात सावलीसारखा वावरत होता. जेवायचा, कामाला जायचा. मायलेकात लागेल तेवढंच बोलणं. शशिधरनं तिला स्पष्ट सांगितलं होतं, की कृष्णातनं साक्ष दिली तर खटला तिथंच जिंकला. तिनं हात जोडले होते. "माझ्या पोराला समन्स काढू नकासा. त्याचं तोंड त्यानं उघडायचं. मी बोट घालून उघडणार न्हाय."

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तिची साक्ष निघाली. कोर्टाची खोली पेठेतल्या माणसांनी भरली होती. सयाजीरावांचा वकील मोठा नावाजलेला. त्यानं गोड आवाजात सुरुवात केली.

"बाई, तुम्ही सकाळी लवकर येऊन एकदा मत दिलंत आणि नंतर पुन्हा आलात. खरं की नाही?"

"खोटं हाय."

"बोटाला शाई नव्हती म्हणता. पपईच्या चिकानं शाई जाते, हे तुम्हाला माहीत आहे?"

"मला शेणानं रंगलेले हात म्हाईत हायत. पपईचं तुम्हालाच ठावं."

मागं हशा पिकला. न्यायाधीशांनी टेबलावर पेन्सिल वाजवली. वकिलाचा आवाज बदलला.

"ठीक. तुमच्या नावानं दुसरी बाई मत देऊन गेली म्हणता. त्या वेळी तिथं तुमचा मुलगा बसलेला होता. सख्खा मुलगा आपल्या आईला ओळखत नाही? त्यानं हरकत घेतली नाही. याचा अर्थ एकच, पहिल्यांदा आलेली बाई तुम्हीच होता. नाहीतर तुमचा मुलगा चोरांना सामील आहे. दोन्हीपैकी काय ते सांगा कोर्टाला. तुम्ही खोट्या, की तुमचा मुलगा चोर?"

चिमणाबाईनं कठडा धरला. दोन वर्षं ती ह्याच प्रश्नाला भीत होती. समोर शांतादेवी बसलेली, बाजूला बयाबाई आणि शिवांजली. त्या दोघींची साक्ष झाली होती. तिघींतली एक जरी ढळली, तर दोन्हीकडची मतं बरोबरीला येणार आणि चिठ्ठी टाकायची पाळी येणार, हे शशिधरनं समजावलं होतं.

"साहेब," ती न्यायाधीशांकडं वळून म्हणाली, "मी मत एकदाच दिलं. पोराचं मी काय सांगू? मी त्याला नऊ महिने पोटात वागवला, त्याच्या मनात काय हाय ते मला कळतंय. पण त्याच्या वतीनं बोलायचा हक मला न्हाय. माझ्या वतीनं दुसऱ्या बाईनं मत दिलं म्हणूनच तर मी हितं उभी हाय. मग त्याच्या वतीनं मी कसं बोलू?"

वकील पुढचा प्रश्न विचारणार, एवढ्यात मागच्या ओळीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी बोलतो," कृष्णात म्हणाला. "मला साक्ष द्यायची हाय."

सयाजीरावांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. त्या नजरेनं दोन वर्षं त्याला बाकाला खिळवून ठेवलं होतं. आज तो थेट चालत पुढं आला. शशिधरनं घाईघाईनं अर्ज दिला, विरुद्ध बाजूनं आरडाओरडा केला, न्यायाधीशांनी दोघांचं ऐकून परवानगी दिली.

"नाव पुकारलं चिमणाबाई पोवार," कृष्णातनं सांगितलं. "बाई आली, पदर तोंडावर. माझ्या आईपेक्षा हातभर उंच. माझ्या आईनं जन्मात कधी तोंडावर पदर घेतलेला न्हाय. मला कळलं. बयाबाईच्या नावानं आली तीही बयाबाई न्हवती. शिवांजलीच्या नावानं तर पन्नाशीची बाई आली. मी गप बसलो. मला तसंच सांगितलं होतं."

"कुणी सांगितलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

कृष्णातनं हात लांब करून बोट दाखवलं.

पुढच्या महिन्यात पाकीट उघडायचा दिवस ठरला. लाखेचं सील फुटलं तेव्हा चनबसाप्पा डोळे मिटून पुटपुटत होते आणि शांतादेवीनं बयाबाईचा हात घट्ट धरला होता. शिरस्तेदारानं पहिला कागद उलगडला. कपबशी. दुसरा उलगडला. कपबशी. तिसरा हातात घेतला आणि मागं लिहिलेलं नाव वाचलं, चिमणाबाई पोवार. शशिधर खुर्चीच्या टोकाला सरकला. दोन वर्षांत ह्या बाईनं काही केल्या सांगितलं नव्हतं.

"कपबशी," शिरस्तेदार म्हणाला.

स्थळप्रतीच्या नंबरावरून शोधलेली खोटी तीन मतं राजनंदिनीचीच निघाली, त्यांना काट बसली, खरी तीन जमा झाली, आणि शांतादेवी दोन मतांनी निवडून आल्याचं कोर्टानं जाहीर केलं. शिवांजलीनं बयाबाईला उचलून गरकन फिरवलं. शांतादेवी चिमणाबाईच्या गळ्यात पडली. "आक्का, एकदा तरी सांगायचं होतं. दोन वर्षं झोप नव्हती मला!"

"सांगितलं असतं तर ते मत कसलं?" चिमणाबाई म्हणाली आणि मग तिच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

त्या संध्याकाळी पेठेनं कधी बघितली नव्हती अशी मिरवणूक निघाली. हलगी कडाडली, गुलालानं रस्ता लाल झाला, आणि सगळ्यात पुढं बायका. खिडक्यांतून, माडीवरून बायका खाली उतरून मिरवणुकीत शिरत होत्या. तालमीसमोर मिरवणूक आली तेव्हा आतली पोरं पायरीवर येऊन उभी राहिली. मग त्यातल्या एकानं हलगीवाल्याच्या हातातून हलगी घेतली आणि वाजवायला सुरुवात केली. "नाद खुळा, मावशी!" कुणीतरी ओरडलं आणि सगळी तालीम रस्त्यावर उतरली. कृष्णात कडेनं चालत होता. चिमणाबाईनं त्याला मनगटाला धरून मध्ये ओढला आणि मूठभर गुलाल त्याच्या डोक्यात चोळला. पोरगा आईच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

"बास की," ती म्हणाली. "नाच आता."

कारखान्यातली त्याची जागा गेली. दोन आठवड्यांत उद्यमनगरातल्या दुसऱ्या फौंड्रीत त्याला काम लागलं, ते कुणाच्या चिठ्ठीवर नाही. शांतादेवीनं उरलेल्या तीन वर्षांत पेठेत काय काय केलं, त्यात पहिलं काम म्हणजे बायकांसाठी दिवाबत्तीची स्वच्छ संडासं. त्याच्या उद्घाटनाला चिमणाबाईनं फीत कापायला नकार दिला, पण पेढे मात्र चापून खाल्ले.

दोन हजार साली पुन्हा निवडणूक आली. मतदानादिवशी शाळेचं दार उघडायच्या आधीच रस्त्याच्या वळणापर्यंत रांग गेली होती, आणि रांगेत निम्म्याहून जास्त बायका. कडेवर पोरं, हातात चिठ्ठ्या, एकमेकींना हाका. कुणी अनोळखी बाई दिसली की दहा जणी विचारायच्या, "पावणं, कुणाच्या घरच्या?" दोघीतिघी तशाच आल्या वाटेनं परत गेल्या. आत बाकावर कृष्णात बसला होता, शांतादेवीचा बिल्ला लावून आणि मान ताठ ठेवून.

चिमणाबाईच्या मागं एक बाई येऊन उभी राहिली. ती राजनंदिनी होती. सयाजीरावांच्या घरची, दोन वर्षं नगरसेविका राहिलेली. दारावरच्या पोलिसानं तिला ओळखलं आणि हात करून म्हणाला, "वहिनी, तुम्ही या पुढं."

"नको," राजनंदिनी म्हणाली. मग खालच्या आवाजात तिनं चिमणाबाईला सांगितलं, "मावशी, मी पहिल्यांदाच आलोय. पंचाण्णवला मी उभी होतो ना, तेव्हा माझं मतसुद्धा दुसरीनंच दिलं. मला म्हणाले, तू घरात बस."

चिमणाबाईनं मागं वळून तिच्याकडं नीट बघितलं. पोरीच्या कपाळावर घाम आला होता. हातातली चिठ्ठी मुठीत चुरगळली होती.

"कागद सरळ कर," चिमणाबाई म्हणाली. "आणि घाबरू नकोस. कुणाला द्यायचं ते तुझं तू ठरव, मला सांगू नकोस."

रांग पुढं सरकली. कारकुनानं नाव पुकारलं, यादीवर बोट ठेवलं आणि ह्या वेळी नावापुढं रेघ नव्हती. चिमणाबाईनं बोट पुढं केलं, शाई लावून घेतली आणि कागद घेऊन आडोशामागं गेली. बाहेर राजनंदिनी पदर सावरत उंबऱ्याशी उभी होती, आपलं नाव ऐकायला कान देऊन.